डॉक्टरांच्या गाडीचे ब्रेक पॅड

आबा,

तुम्ही मिस्त्रींचा हात मोडलात त्या दिवसाबद्दल मला तुम्हाला काही सांगायचं आहे. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. आता तुम्ही उठून मारायला येणार नाही याची पक्की खात्री करून घेऊनच मी पेन उचललं, असं तुम्ही म्हणाल, तर म्हणा. खोटं नाही ते. आज सकाळी माझ्या जळगावच्या दुकानात एक मास्तर आले होते. गाडीचे पुढचे ब्रेक किंचाळतात, मोबाइलवर वाचून वाचून डोकं फिरलं, आता तुम्हीच सांगा ताई, कंपनीचे पॅड घेऊ की बाहेरचे, आणि नुसते पॅडच बदलू की डिस्कही. मी तीन वेगवेगळे डबे काउंटरवर मांडले, डिस्क बोटावर टांगली आणि पान्याने हलकेच ठोकली. ती छान खणखणीत वाजली. मास्तर हसले, म्हणाले, हे कुठे शिकलात? वडिलांकडे, म्हटलं. ‘मार खाऊन’ हे शब्द पुढे तोंडात आले होते, ते गिळले. दुपारपर्यंत ते काही खाली उतरले नाहीत, म्हणून दुकान बंद न करताच, दुपारच्या या सुस्त वेळेत लिहायला बसले आहे.

मास्तरांशी खोटं बोललेच नव्हते मी. बी.कॉम.चा निकाल लागला आणि लग्न जमेपर्यंत घरात बसून काय करशील म्हणून तुम्ही मला धुळ्याच्या आपल्या गॅरेजच्या काउंटरवर बसवलंत. आग्रा रोडला लागून पत्र्याची शेड, पुढे पार्टचं दुकान, मागे गाड्या. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी दुपारी कळण्याची भाकरी आणि तेल घातलेला ठेचा खाल्ला, हात नुसते पदराला पुसले, आणि गिऱ्हाइकाला दाखवायला डब्यातून ब्रेक पॅड काढला. तुम्ही मागून आलात. मला फक्त आवाज ऐकू आला, मग गाल पेटला, आणि उजव्या कानातली कुडी उडून कुठेतरी टायरच्या ढिगात गेली. ती पुढे कधी सापडली नाही. “पॅडना तोंडले तेल लागनं का पॅड मरना!” तुम्ही ओरडत होता. “धोयं तरी जित्ता व्हस नही!” गिऱ्हाईक बिचारं जमिनीकडे बघत उभं. मग तुम्ही तोच पॅड माझ्यासमोर धरलात आणि अगदी शांतपणे, जणू मघाचा हात दुसऱ्याच कुणाचा होता अशा आवाजात, शिकवलंत. डिस्कला घासतं ते पॅडचं तोंड, लोखंडी पत्रा ही पाठ. तोंड तेल पितं. तेल प्यायलेला पॅड डिस्कला धरत नाही, तिच्यावरून घसरतो. मी रडत रडत पाठ केलं. आबा, तुम्ही शिकवलेलं एकही अक्षर मी विसरले नाही, याचा मला राग येतो.

तुम्ही सगळ्यांनाच मारत होता. आईला घरी, मला काउंटरवर, कामगारांना शेडमध्ये. मिस्त्रींना मात्र फार नाही. चौदा वर्षं ते तुमच्या हाताखाली होते, सोनगीरचे, पस्तिशीतले, बायको आणि दोन मुली. इंजिनाला कान लावून आजार सांगायचे. तुम्ही त्यांच्यावर पाना फेकायचात आणि ते तो उचलून, पुसून, तुमच्याच हातात परत द्यायचे. मला त्यांचाही राग यायचा तेव्हा. एवढा धिप्पाड माणूस, एकदा तरी उलटून बोलावं की नाही?

तर डॉक्टरांची मारुती. तेव्हा धुळ्यात मारुती बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक असलेली गाडी आली की शेजारचे गॅरेजवालेही बघायला यायचे. डॉक्टरांनी पॅड संपेपर्यंत गाडी पळवली होती. लोखंड लोखंडाला घासून दोन्ही डिस्कवर नांगरल्यासारख्या रेघा, आणि काठाला अशी धारदार कड उभी राहिलेली की मी बोट फिरवलं तर कापलं. लेथवर घासून भागणार नव्हतं, जाडीच उरली नव्हती. कंपनीचा माल नाशिकहून यायला तीन आठवडे, आणि डॉक्टरांना दसऱ्याला सासुरवाडीला, शिरपूरला जायचं होतं. म्हणून तुम्ही बाजारातले तीन सेट मागवलेत. आजही मी गिऱ्हाइकाला जे करून दाखवते ते सगळं तुम्ही त्या दिवशी केलंत. तीनही सेटमधल्या डिस्क सुतळीला टांगून ठोकल्या. एक बद्द वाजली, ती तुम्ही सरळ रस्त्याच्या कडेला भिरकावलीत, एक म्हातारा सायकलवाला थोडक्यात वाचला. उरलेल्यांची जाडी चार-चार ठिकाणी मोजलीत. मग पॅड. एकेक पॅड कडेवर उभा धरून हातोडा मारायचा. त्या बद्द डिस्कच्या सेटमधल्या पॅडचं तोंड पाठीपासून सुटून टणकन उडालं आणि तुम्ही खूश झालात. “देखं? डॉक्टर असाच सुटता!”

दोन सेट राहिले. निळ्या डब्यातला पॅड टणक होता, करवतीच्या पात्यानेही ओरखडा उठेना. तुम्ही म्हणालात, हाच, पन्नास हजार किलोमीटर बघायला नको. पिवळ्या डब्यातला मऊ. मिस्त्रींनी तो नखाने खरवडून पाहिला, नाकाशी धरला आणि म्हणाले, “आबा, हाऊ लवकर झिजी, पन धरी. टणक पॅड थंडा ऱ्हास तोपावत धरस नही.” तुम्ही म्हणालात, तू मला शिकवतोस? डॉक्टर खुर्चीवर बसून चहा पीत होते. ते उठले, दोन्ही पॅड हातात घेतले, आणि मिस्त्रींनाच विचारलं, “तुमची स्वतःची गाडी असती तर?” मिस्त्रींनी पिवळ्या डब्यावर बोट ठेवलं. डॉक्टर म्हणाले, “मग हाच टाका. मला थांबणारी गाडी हवी, टिकणारी नको.”  तुमच्या मानेची ताठलेली शीर मला काउंटरवरून दिसत होती. चौदा वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाइकाने तुमच्यासमोर मिस्त्रींचं ऐकलं होतं. त्या दिवशी घरी आईच्या भाजीत मीठ कमी निघालं आणि ताट भिंतीवर गेलं. मीठ बरोबर होतं, आबा. मी तीच भाजी खात होते.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मिस्त्रींनी सकाळीच दोन्ही नव्या डिस्क पेट्रोलने धुतल्या, कारण कारखान्यातून त्या गंज लागू नये म्हणून तेल चोपडून येतात. कोरड्या करून, पॅडसकट, वर्तमानपत्रावर मांडून ते घरच्या पूजेला सोनगीरला गेले. दसऱ्याला पहाटे येऊन चढवतो म्हणाले. दुपारी तुम्ही सगळी हत्यारं धुवून शेडमध्ये ओळीने मांडलीत, पाने, हातोडे, जॅक, आणि शेवटी डॉक्टरांचा तो सेटही. आपल्याकडे हळद-कुंकू लावून लोक मोकळे होतात, तुम्हाला मात्र तेलात कालवलेला शेंदूरच लागायचा, आणि तो घरच्या लेकीच्या बोटाने. मी वाटी घेऊन एकेकाला टिळा लावत आले आणि डिस्कपाशी थांबले. तुम्ही मागेच उभे होता.

“थांबनी कसाले? बठ्ठासले लाव. एक बी सोडू नको.”

“आबा, पॅडले तेल?”

“देवना तेलनी काय व्हस?”

तुम्हाला ठाऊक होतं काय होतं ते. गालावर मारून तुम्हीच मला शिकवलं होतंत. पण तो पिवळ्या डब्यातला माल होता, मिस्त्रींनी निवडलेला, आणि त्याची बाजू घेऊन तुमची लेक तुम्हाला उलट विचारत होती. तुम्ही हात उचललात, मारला नाहीत, नुसता उचललात. मी लावलं. पहिल्या डिस्कवर, पॅड घासतात नेमक्या त्या गोलावर, चार बोटं. तिच्या दोन्ही पॅडच्या तोंडावर स्वस्तिक. तुम्ही बघत होता म्हणून नीट काढलं. मग तुम्ही नारळ फोडायला वळलात, आणि दुसऱ्या जोडीला मी पॅडच्या पाठीवर टिळे लावले आणि डिस्कच्या मधल्या भागाला, जिथे पॅड पोचत नाही. मनात म्हटलं, निम्मं तरी वाचवलं. तुम्ही घरी गेल्यावर पहिल्या जोडीवरचा शेंदूर पदराने घासघासून पुसला. लाल गेलं. मला वाटलं, गेलं.

आबा, मी पूर्ण ऐकलं असतं तर गाडीचे दोन्ही बाजूंचे ब्रेक सारखेच मेले असते. थांबायला वेळ लागला असता, पण गाडी सरळ गेली असती. अजिबात ऐकलं नसतं तर गालावर एक बसली असती. मी निम्मं ऐकलं. एका बाजूचे पॅड धरणारे, दुसऱ्या बाजूचे तेल प्यायलेले. इतकी वर्षं मी हा धंदा करते आहे, याहून वाईट जोडी मला कुणी सांगून दाखवावी.

मिस्त्रींना सांगणार होते मी. शपथ घालायला आता कुणी नाही, पण सांगणार होते. दसऱ्याला नऊ वाजता आपट्याची पानं घेऊन पोचले तर चाकं चढलेली, गाडीला झेंडूची माळ, डॉक्टर नवा सदरा घालून उभे, तुम्ही हार घेऊन. मिस्त्री समोरच्या गल्लीतून एक चक्कर मारून आले होते. म्हणाले, जराशी उजवीकडे ओढते, नवे पॅड आहेत, बसतील. डॉक्टरांना बजावलं, पहिले शंभर किलोमीटर हळू, जोरात ब्रेक मारू नका. मला तेव्हा एकच वाक्य बोलायचं होतं. त्यासाठी सगळ्यांदेखत चाकं पुन्हा उतरवावी लागली असती, आणि कुणामुळे ते सांगावं लागलं असतं. मी डॉक्टरांना सोनं दिलं, नमस्कार केला. ते म्हणाले, सुखी राहा.

सोनगीरच्या अलीकडे एक वासरू आडवं आलं. डॉक्टरांनी ब्रेक मारला आणि गाडी उजवीकडे, समोरून येणाऱ्या कपाशीच्या ट्रॅक्टरवर गेली. काच फुटून त्यांच्या तोंडात गेली होती. जबडा दोन ठिकाणी मोडला, स्टिअरिंगने बरगड्या आत घातल्या. ट्रॅक्टरवाल्याने त्यांना ट्रॉलीतल्या कपाशीवर टाकून धुळ्याला आणलं. कपाशी लाल झाली होती, असं तो गॅरेजमध्ये येऊन सांगत होता. डॉक्टर वाचले. पुढे बोलायचे तर शब्द एका बाजूने सांडायचे.

तुम्ही दवाखान्यात धावलात. गाडी ओढून आणली गेली तेव्हा शेडमध्ये मिस्त्री आणि मी, दोघंच. त्यांनी डावं चाक उतरवलं, पॅड काढला. तोंड काळं, चकचकीत, आणि मधल्या खाचेत शेंदराची लाल रेघ तशीच. खाचेत माझा पदर पोचला नव्हता. त्यांनी त्या रेघेवरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे पाहिलं. खंडेनवमीची तीच साडी मी दसऱ्यालाही नेसले होते, पदरावर तोच डाग. आबा, मला बोलावंच लागलं नाही. ते खाली बसले, लाल रेघ दिसेनाशी होईपर्यंत दोन्ही पॅड जळक्या ऑइलच्या डब्यात बुडवले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “ताई, तुम्ही काही बोलू नका. आबा तुम्हले मारी टाकतीन.”

मग तुम्ही आलात. सदऱ्यावर डॉक्टरांचं रक्त. आधी लाथ, मग पट्टा, मग पान्याने पाठीवर. मी काउंटरला धरून उभी. “तुन्ही निवड ना ही? तुन्ही?” तुम्ही विचारत होता आणि ते पडल्या पडल्या सांगत होते, “मीच निवडेल व्हतात, आबा. चूक मन्हीच शे.” एवढ्यावर दुसरा माणूस थांबला असता. तुम्हाला ते कबूल करणं आणखीच झोंबलं. तुम्ही त्यांचा उजवा हात ओढून लाकडी बाकावर दाबलात आणि डॉक्टरांच्या गाडीची ती जुनी, धारेची डिस्क उचललीत. चार किलोचं लोखंड. पहिल्या घावाला ते ओरडले. दुसऱ्या घावाला ओरडले नाहीत, माझ्याकडे बघत होते. विनवणी नव्हती त्या नजरेत, चूप राहा एवढंच होतं. आणि मी राहिले. तिसरा घाव मी मोजला. एक शब्द बोलले असते तर तिसरा पडला नसता, निदान त्यांच्या हातावर पडला नसता. अंगठा आणि शेजारची दोन बोटं. हाडाचा तो आवाज मी अजून ऐकते, आणि खरं सांगू? त्या क्षणी मला सगळ्यात आधी वाटलं ते हे, की बरं झालं, मी नाही.

तुम्हीच त्यांना जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलंत. तिथे त्यांनी सांगितलं, जॅक निसटला. तुम्ही दारात ऐकत होता. परत येऊन दुकानातला पिवळ्या डब्यांचा उरलेला सगळा माल शेडमागे पेटवलात आणि पुढे कधी तो माल दुकानात येऊ दिला नाहीत. चांगला माल होता, आबा. मी गेली पंचवीस वर्षं तोच विकते.

मिस्त्रींची बोटं वळलीच नाहीत. पाना धरता येईना. ते बायको-मुलींना घेऊन जळगावला आले, पाइपच्या एका कारखान्यात राखणदार म्हणून लागले. इंजिनाला कान लावणारा माणूस फाटक उघडत बसला. माझं लग्नही जळगावातच झालं, दुकान निघालं. बाजारात ते दिसले की डाव्या हाताने नमस्कार करायचे आणि मी घाईत असल्याचं दाखवायचे.

आणि आता तुमची शेवटची दिवाळी. हृदयाच्या दुखण्यानंतर मी तुम्हाला माझ्याकडे आणलं होतं. पाण्याचा तांब्या उचलवत नव्हता. भर दुपारी, मी तुमचे पाय चेपत असताना, तुम्ही छताकडे बघत विचारलंत, “त्या पॅडमा खरंच दोष व्हता का वं? मी ठोकी देखेल व्हतात.” मी हात थांबवला. शेंदराचं नाव तुम्ही तेव्हाही काढलं नाहीत. तुम्ही म्हणालात, “दोष नसी ते मिस्त्रीले बलाव. मी त्याना पाय धरस.” मिस्त्री तेव्हा सायकलवर पंधरा मिनिटांवर होते. मी निरोप धाडला असता तर ते तसेच, गणवेशात आले असते. आणि मी म्हटलं, “व्हता, आबा. पॅडच खराब व्हतात.” तुम्ही म्हणालात, “मंग ठीक शे,” आणि कुशीवर वळलात. बाराव्या दिवशी गेलात.

तेव्हा मला तुमची भीती नव्हती. हे मला आज लिहून ठेवायचं आहे. तुमचा हात उचलत नव्हता, तुम्ही मला काहीही करू शकत नव्हता. पण मी खरं सांगितलं असतं तर तुम्ही त्या माणसाच्या पाया पडला असतात, रडला असतात, आणि मग तुम्ही वाईट राहिला नसतात. तुम्ही वाईट होता म्हणून मी बरी होते. एवढी वर्षं त्यावरच उभी होते मी. ते मला सोडवलं नाही.

हे पत्र कुठेच जाणार नाही, ते तुम्हालाही कळलं असेल. पण एक सांगते. मिस्त्री आहेत अजून. पंचाहत्तरीच्या आसपास असतील, धाकट्या मुलीकडे राहतात, माझ्या दुकानापासून रिक्षाने दहा मिनिटं. दुपारी मी कागद पुढे ओढला तो त्यांच्यासाठी. बराच वेळ कोरा ठेवला, मग वर ‘आबा’ लिहिलं, कारण तुम्ही उत्तर देऊ शकत नाही.